मासा वाढेल, टँक वाढणार नाही

दुकानातल्या काचेच्या पेटीत ऑस्करचं पिल्लू जेमतेम दोन-अडीच इंचांचं असतं. काळ्या अंगावर केशरी-पांढरी नक्षी, मोठे डोळे आणि बोट दाखवलं की बोटामागे धावायची सवय. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि तिथून हलायला तयार नसतात. तुम्ही विचारता, ‘‘भाऊ, हा किती मोठा होतो?’’ ठरलेलं उत्तर येतं, ‘‘ताई, टँक जेवढा, तेवढाच वाढतो. बिनधास्त न्या. एकटा कशाला, जोडीच न्या.’’

घरी दोन फुटांचा टँक असतो. त्यात आधीपासून चार गोल्डफिश, दोन ‘शार्क’ आणि काच साफ करायला आणलेला एक सकर असतो. त्यात ही जोडी जाते. पहिले दोन महिने सगळं छान दिसतं. मग पाणी गढूळ व्हायला लागतं, एक-एक मासा कमी होत जातो आणि वर्षभराने उरलेला ऑस्कर वळताना दोन्ही बाजूंच्या काचांना घासतो.

छोट्या टँकमध्ये मोठे मासे आणि तेही गर्दी करून ठेवावेत का, हा मासे पाळणाऱ्यांमधला जुना वाद आहे. एक गट म्हणतो, फिल्टर दमदार असेल आणि पाणी वेळेवर बदललं तर काही बिघडत नाही. दुसरा गट म्हणतो, हे सरळसरळ हाल करणं आहे. घरात फिशटँक असेल किंवा मुलांनी हट्ट धरला असेल, तर हा वाद तुमचाही आहे. दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या, तर निर्णय घेणं सोपं जाईल.

पिल्लू केवढं होणार?

आधी आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या माशांची पूर्ण वाढ पाहूया.

ऑस्कर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. चांगलं खाणं मिळालं तर पहिल्या वर्षी तो महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि एक फुटापर्यंत पोहोचतो. दहा-बारा वर्षं सहज जगतो.

दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा चंदेरी-काळा मासा शार्क नसून पंगास आहे. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला हा मासा चार फुटांपर्यंत वाढू शकतो आणि त्याचं वजन ४० किलोंच्या वर जाऊ शकतं. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे फिले तुम्ही खाता, ते बहुतेक वेळा याच माशाचं असतं. तोच मासा आपण दोन फुटांच्या पेटीत सोडतो!

काच चाटणारा सकर एक ते दीड फुटांचा होतो. सिल्व्हर अरोवाना अडीच-तीन फुटांचा होतो. तलावासाठी तयार केलेला कोई दोन फुटांच्या पुढे जातो. आणि ज्याला आपण ‘छोटा’ समजतो तो गोल्डफिश? गोल, फुगीर जातींचे गोल्डफिश सहा ते आठ इंच होतात, एकेरी शेपटीचे साधे गोल्डफिश फुटभरही होतात. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

आपल्या घरातले गोल्डफिश सहा महिन्यांत का जातात, या प्रश्नाची सुरुवात इथून होते.

‘टँकच्या मापाने वाढतो’ हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरलं आहे. छोट्या, गर्दीच्या टँकमध्ये मासा खरोखरच कमी वाढतो. पण त्याने जागेचा अंदाज घेऊन समजूतदारपणे वाढ थांबवलेली नसते. साचलेली घाण, कमी ऑक्सिजन आणि सततचा ताण यांमुळे त्याची वाढ खुंटते. पुरेसं खायला न मिळालेल्या मुलाची उंची कमी राहिली तर ‘बरं झालं, घर लहानच आहे’ असं आपण म्हणत नाही. खुंटलेला मासा रोगांना लवकर बळी पडतो आणि कमी जगतो.

पाण्यात नेमकं काय होतं?

मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांमधून तो अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशांसाठी विष आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही घातक असतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साचत गेलं तर तेही त्रासदायक. ते काढायचा घरगुती मार्ग म्हणजे नेमाने पाणी बदलणं.

हे जिवाणू नव्या टँकमध्ये आपोआप हजर नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी टँक आणतो आणि त्याच संध्याकाळी दहा मासे सोडतो. पहिल्या पंधरा दिवसांत मासे मरतात ते यामुळे.

शिवाय आपली हवा उष्ण. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साधारण साडेसात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. गरम पाण्यात अमोनियाही अधिक विषारी होतो. युरोपातल्या थंड घरासाठी सांगितलेला हिशोब नागपूरच्या किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात तसाच चालत नाही.

इंचाचा फसवा हिशोब

मासे किती ठेवावेत, याचं एक सूत्र अनेकांना पाठ असतं. एक इंच माशाला एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी. छोट्या माशांसाठी अंदाज म्हणून हे चालून जातं. मोठ्या माशांच्या बाबतीत ते साफ फसतं.

कसं ते पाहा. एक इंचाचे बारा निऑन टेट्रा आणि बारा इंचांचा एक ऑस्कर. सूत्राप्रमाणे दोघांनाही सारखंच, ४५ लिटर पाणी लागेल. पण लांबी वाढते तशी रुंदी आणि जाडीही वाढते. सगळी मापं बारा पट झाली, तर वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७०० पटींहून जास्त होतं. एक ऑस्कर बारा निऑनपेक्षा शंभर पटींहून अधिक वजनाचा असतो. तो खातोही कितीतरी जास्त आणि घाणही कितीतरी जास्त करतो. शिवाय ४५ लिटरच्या टँकमध्ये एक फुटाचा मासा धड वळूही शकत नाही.

म्हणून मोठ्या माशांसाठी अनुभवी लोक वेगळा अंदाज वापरतात. टँकची रुंदी निदान माशाच्या पूर्ण वाढीइतकी हवी, म्हणजे तो न वाकता वळू शकेल. आणि लांबी माशाच्या किमान चौपट हवी, म्हणजे त्याला थोडं तरी पोहता येईल.

दुसरी बाजू काय म्हणते?

गर्दी करून मासे ठेवणारे सगळेच निष्काळजी नसतात. त्यांच्यातले काही जण फार बारकाईने काम करतात आणि त्यांच्या मुद्द्यांत तथ्य आहे.

पहिला मुद्दा भांडणांचा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड मासे आपापल्या हद्दीसाठी खूप भांडतात. टँकमध्ये तीनच मासे असतील, तर दांडगा मासा एकाच्याच मागे लागून त्याला मारतो. पंधरा-वीस असतील तर त्याचा राग वाटला जातो आणि कोणालाच जिवावरची दुखापत होत नाही. ही पद्धत खरोखर चालते आणि जाणकार ती मुद्दाम वापरतात.

दुसरा मुद्दा फिल्टरचा. मोठा फिल्टर आणि दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदललं, तर गर्दीच्या टँकमध्येही अमोनिया शून्यावर ठेवता येतो. हेही खरं आहे.

तिसरा मुद्दा मत्स्यशेतीचा. बायोफ्लॉकच्या गोल टाक्यांत शेतकरी दाटीने मासे वाढवतातच ना?

आता याची दुसरी बाजू. मलावीचे हे मासे साधारण चार ते सहा इंचांचे असतात. त्यांच्यासाठीचा उपाय तीन फुटांच्या अरोवानाला लावता येत नाही. फिल्टर पाणी स्वच्छ करतो, पण जागा निर्माण करत नाही. आणि बायोफ्लॉकमधला मासा काही महिन्यांत बाजारात जातो, तुमचा ऑस्कर बारा वर्षं तुमच्याकडे राहणार असतो. शिवाय बायोफ्लॉकवाल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, त्याची सर्वांत मोठी भीती कोणती? वीज जाण्याची. हवा बंद पडली तर तासाभरातही टाकी रिकामी होऊ शकते, म्हणून तो जनरेटर ठेवतो. आपल्या घरी काय असतं? इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय चालतं, फिशटँकचा प्लग त्यावर नसतो.

गर्दीतला खरा धोका हाच आहे. रोजचं सगळं सुरळीत असेपर्यंत टँक छान चालतो. पण चार तास वीज गेली, तुम्ही दिवाळीत आठ दिवस गावी गेलात किंवा शेजारच्या मुलाने प्रेमाने मूठभर जास्त खाणं टाकलं, तर सावरायला वेळच मिळत नाही. कमी मासे असलेल्या टँकमध्ये पाणी बिघडायला दिवस लागतात, गर्दीच्या टँकमध्ये काही तास पुरतात.

‘पुढे मोठा टँक घेऊच की!’

हा सगळ्यांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. तो प्रामाणिकही असतो. पण आकडे मांडून बघा.

अडीच फुटांच्या अरोवानासाठी वरच्या अंदाजाहून थोडा आखूडच, म्हणजे आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टँक घेतला, असं धरू. ६० घनफूट, म्हणजे सुमारे १,७०० लिटर पाणी. नुसत्या पाण्याचंच वजन १,७०० किलो, काच आणि स्टँड वेगळे. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोल्यांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. हा टँक चौरस मीटरला ७५० किलोंहून जास्त भार टाकतो. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय असा टँक ठेवणं धोक्याचं आहे.

पाण्याचाही हिशोब आहेच. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचं तर ५०० लिटर लागेल. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो, तिथे हे कसं जमणार?

‘पुढे घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हा खर्च, ही जागा आणि हे पाणी आज उपलब्ध आहे का, ते आजच पाहावं. उत्तर ‘नाही’ असेल, तर वर्षभराने ते ‘हो’ होण्याची शक्यता कमीच. मासा मात्र थांबणार नाही.

वास्तू, फेंगशुई आणि नऊ मासे

आपल्याकडे गर्दीचं एक खास कारण आहे. ‘आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवा, भरभराट होईल’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये ५७ लिटरही पाणी नसतं. त्यात नऊ गोल्डफिश म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा लिटर, अर्ध्या बादलीहूनही कमी. अरोवानाचंही तसंच. चीनमध्ये त्याला ड्रॅगन मासा मानतात, म्हणून तो पैसा आणतो ही समजूत त्याच्याबरोबर इकडे आली आणि अनेक ऑफिसांत, हॉलमध्ये तो चार फुटांच्या टँकमध्ये फेऱ्या मारताना दिसतो.

याहून घातक आहे ती दुसरी समजूत. मासा मेला की घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, ‘‘जाऊ दे, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं.’’ बोलणाऱ्याचा हेतू मुलांना धीर देण्याचा असतो, पण त्यामुळे मासा का मेला हे कोणीच तपासत नाही. दुसऱ्या दिवशी नवा मासा त्याच पाण्यात जातो. संकट घरावर नव्हतंच, ते पाण्यात होतं.

आणि मग मासा तलावात जातो

मासा मोठा झाला, सांभाळणं झेपेना. मारवत नाही, विकला जात नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘‘तळ्यात सोडून दे, पुण्य लागेल.’’

हे पुण्य फार महाग पडतं. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई सुरू असताना मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार सापडला. त्याच वर्षी भोपाळच्या मोठ्या तलावातही तो मिळाला. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या चालकुडी नदीत ॲमेझॉनचा अरापायमा सापडला. टाक्यांमध्ये, तळ्यांमध्ये पाळलेले मासे पुराबरोबर नदीत गेले होते. सकर मासा तर कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून आंध्र-तेलंगणपर्यंत आणि आपल्या उजनी जलाशयापर्यंत पसरला आहे. त्याचे काटेरी पर जाळी फाडतात, त्याला बाजारात भाव नसतो आणि तो स्थानिक माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो. तोटा कोणाचा? ज्याचं पोट त्या जाळ्यावर आहे त्याचा.

म्हणून टँकमधला मासा नदी, तलाव, विहीर, कुठेही सोडू नका.

कायदा काय सांगतो?

इटलीची राजधानी रोमने २००५ मध्ये गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवण्यावर बंदी घातली. भारतात २०१७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालयं आणि मासे विकणाऱ्या दुकानांसाठी नियम आणले होते, पण व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेतले गेले. त्यामुळे घरात किती मासे ठेवायचे, हा निर्णय आज तरी तुमच्याच हातात आहे.

टँकमध्ये आधीच गर्दी असेल तर?

घाबरून एका दिवसात सगळं बदलू नका. ही लक्षणं पाहा : सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, पाणी सतत गढूळ राहतं, पर फाटलेले दिसतात, एखादा मासा कोपरा धरून बसतो. यातलं काही दिसलं तर पुढच्या गोष्टी करा.

* सगळं पाणी एकदम काढू नका. आठवड्यातून दोनदा २५ टक्के बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब वापरा.

* खाणं निम्म्यावर आणा. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. निरोगी मोठा मासा एक दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही.

* फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

* बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. वीज गेली की लगेच लावता येतो.

* पाणी तपासायचं किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवं.

* नवा मासा आणू नका. मोठ्या होणाऱ्या माशांसाठी दुसरं घर शोधा. बरेच दुकानदार मासे परत घेतात, मोठे टँक असलेले हौशी लोकही तयार होतात. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल.

काढलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडतं.

मग कोणते मासे आणायचे?

दोन फुटांच्या टँकमध्येही सुंदर जग उभं राहतं. सहा-सात गप्पी किंवा आठ-दहा निऑन टेट्रा थव्याने फिरतात तेव्हा टँक भरलेला वाटतो आणि प्रत्येकाला जागाही मिळते. झेब्रा डॅनिओ तर आपलाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. दोन इंचांचा, चपळ आणि काटक. एकटा फायटर मासाही झाडांच्या छोट्या टँकमध्ये मजेत राहतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक असेल, तर सुमारे २५० लिटर पाणी मिळतं. त्यात दोन-तीन फुगीर गोल्डफिश किंवा एकच ऑस्कर ठेवा आणि तिथेच थांबा.

ऑस्कर हवाच असेल तर त्याला एकट्यालाच ठेवायला कचरू नका. हा मासा पाळणाऱ्यांना विचारा, तो घरच्या माणसांना ओळखतो, खाण्याची वेळ झाली की काचेपाशी येतो. मोठ्या माशाची गंमत ही असते, पण त्यासाठी त्याला जागा द्यावी लागते.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन दुकानात जाल, तेव्हा मासा कितीला आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘‘पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो आणि किती वर्षं जगतो?’’ दुकानदाराने सांगितलेलं उत्तर तिथेच मोबाइलवर तपासून पाहा आणि मुलांना वाचून दाखवा. तेवढा मासा, तेवढी वर्षं आपल्या घरात मावत असेल, तर जरूर आणा. मावत नसेल, तर शेजारच्या पेटीतल्या गप्पींकडे मुलांचं लक्ष वळवा. तेही कमी रंगीत नसतात.